वळचणीचं पाणी आढ्याला

31 ऑक्टोबर 1991च्या दुपारी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरावर हिम भुरभुरू लागलं. मिनेसोटा राज्यात ऑक्टोबरअखेर असे चार शिंतोडे येऊन जाणं नवलाचं नाही. ती हॅलोवीनची संध्याकाळ होती. भुताखेतांची सोंगं घेतलेली पोरं सोंगावरून जाड कोट चढवून घरोघर खाऊ मागत फिरली. हिम थांबलं ते 3 नोव्हेंबरला. तोवर मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत सुमारे 72 सेंटिमीटर आणि उत्तरेला सुपीरियर सरोवराकाठच्या डलूथमध्ये सुमारे 94 सेंटिमीटर थर साचला होता. मागोमाग कडाक्याची थंडी आली. ज्यांच्या पन्हळीत अजून मेपलची पानं अडकलेली होती, ज्यांच्या अंगणातल्या नळाला बागेचा पाइप तसाच लटकत होता, त्यांची राहिलेली कामं आता दोन फूट हिमाखाली गाडली गेली होती.

एरवी ही कामं तिथे सप्टेंबरात सुरू होतात आणि कोकणातल्या माणसाला ती बरीचशी ओळखीची वाटतील. वैशाख सरता सरता आपल्याकडेही कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला झापं बांधायची अशी धांदल असते. महाबळेश्वरात तर गवताच्या झड्यांनी भिंती झाकून घेतात. मिनेसोटातली धांदलही मुळात पाण्याचीच आहे. थंडीपासून जपायचं ते घरातल्या माणसांना, आणि त्यासाठी तळघरात फर्नेस धडधडत असतो. घराच्या बाहेरच्या अंगाला नुसत्या थंडीचं फारसं भय नसतं. उणे तीस अंशांत कोरडी वीट, कोरडं लाकूड, कोरडं काँक्रीट निवांत उभं राहतं. त्यांना खातं ते पाणी.

आणि हे पाणी काही फार नसतं. मिनियापोलिसला वर्षभरात पाऊस आणि वितळलेलं हिम मिळून साधारण आठशे मिलिमीटर पाणी मिळतं. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण महाबळेश्वरचं पाणी पडतं आणि वाहून जातं. मिनेसोटाचं पाणी पडतं आणि राहतं. छपरावर, पन्हळीत, भिंतीच्या फटीत, जमिनीच्या पोटात ते चार-चार महिने मुक्काम ठोकतं आणि त्या मुक्कामात रूप बदलत राहतं. थंड होताना पाणी 4 अंश सेल्सियसपर्यंत आकसतं, तिथून पुढे उलट पसरू लागतं आणि गोठताना त्याचं आकारमान जवळपास 9 टक्क्यांनी वाढतं. विटेच्या छिद्रात शिरलेलं पाणी रात्री गोठून छिद्र रुंदावतं, दुपारी वितळून आणखी आत सरकतं, रात्री पुन्हा गोठतं. जानेवारीतल्या कडक आठवड्यांत हे चक्र बंद असतं. नोव्हेंबर आणि मार्च मात्र घराच्या मुळावर येतात, कारण त्या दिवसांत पारा शून्याच्या अल्याड-पल्याड हेलकावे खात असतो. म्हणून तिथल्या तयारीचा सगळा रोख एकाच गोष्टीवर असतो: पाणी वाहतं आहे तोवर त्याला घरापासून दूर जायची वाट करून द्यायची.

(या प्रकरणात आकाशातून भुसभुशीत पडतं त्याला हिम म्हटलं आहे आणि पाणी गोठून जो टणक होतो त्याला बर्फ. एरवी दोन्हींना आपण बर्फच म्हणतो, पण घराच्या दृष्टीने दोघांचे स्वभाव फार वेगळे आहेत.)

वरून सुरुवात करू, कारण पाणीही तिथूनच निघतं. उतरत्या छपरावर वीतभर हिम साचलं आहे. बाहेर उणे दहा, आत वीस अंश. आतली गरम हवा छताच्या फटींतून वर माळ्यावर जाते आणि छपराचा वरचा भाग खालून कोमट होतो. ताज्या हिमात बहुतांश हवाच असते, त्यामुळे हा थर छपरावर घातलेल्या गोधडीसारखं काम करतो. बाहेर कितीही गारठा असला तरी छपराला टेकलेला हिमाचा तळ शून्यावर येतो आणि वितळायला लागतो. हे पाणी हिमाच्या खालून उतरत वळचणीपाशी पोचतं. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली असते. तिच्या खाली उबदार खोली नसते, ती बाहेरच्या हवेइतकीच थंड असते. पाणी तिथे गोठतं. मागून आणखी येतं, तेही गोठतं. बघता बघता छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार होतो आणि त्याच्या मागे पाण्याचं तळं साचतं.

तिथली छपरं बहुतेक डांबरी शिंगल्सची असतात. कौलांप्रमाणेच त्या एकीवर एक चढवून बसवतात, म्हणजे वरून आलेलं पाणी सांध्यात न शिरता खाली घरंगळतं. खालून वर चढणाऱ्या पाण्याची सोय त्या रचनेत नाही, कौलांतही नाही. बांधामागे तुंबलेलं पाणी शिंगल्सच्या खाली घुसतं, लाकडी फळ्यांच्या सांध्यांतून माळ्यावर उतरतं, तिथलं इन्सुलेशन भिजवतं आणि शेवटी दिवाणखान्याच्या छतावर तपकिरी डाग होऊन प्रकटतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपल्याकडे ठामपणे म्हणतात. बर्फाळ मुलखात ते दर हिवाळ्यात निदान त्या दिशेने निघालेलं तरी असतं.

यावरचा उपाय उफराटा आहे. हिवाळ्यात छप्पर थंड ठेवायचं. म्हणजे खोलीची ऊब खोलीतच अडवायची आणि माळ्यावर मात्र बाहेरची गार हवा खेळती ठेवायची. ती वळचणीच्या खालच्या झरोक्यांतून आत येते आणि आढ्याजवळच्या झरोक्यातून बाहेर पडते. छपराचा वरचा आणि खालचा भाग एकाच तापमानाला राहिला की हिम वितळत नाही आणि वितळलंच तर ते सूर्यामुळे, घरामुळे नाही. खरं काम त्यामुळे छपरावर नसून माळ्यावर, हातात टॉर्च घेऊन ओणव्याने करायचं असतं. धुराडं जिथे माळ्यातून वर जातं तिथली फट, छतातल्या दिव्यांच्या खोबणी, सांडपाण्याच्या नळाभोवतीचं भोक, माळ्यावर चढायच्या झाकणाची कड, अशा चार-सहा जागांतून बहुतेक ऊब पळते. आधी या फटी बुजवायच्या आणि मग इन्सुलेशन वाढवायचं. पुष्कळ जण नुसतंच इन्सुलेशन पसरतात. हवा त्यातून आरामात आरपार जाते.

घरमालकांना मात्र डोळ्यांना दिसणारा उपाय आवडतो. वळचणीच्या कडेने नागमोडी विजेची तार बसवून बर्फ वितळवायची पद्धत तिथे फार लोकप्रिय आहे. मला ती दुखणं सोडून औषधाच्या बिलाची सोय लावण्यातली वाटते. आधी ऊब वाया घालवायची आणि मग तिचं नुकसान भरून काढायला वीज जाळायची. आपलं छप्पर कसं आहे हे कळायला फार खर्चही येत नाही. पहिलं मोठं हिम पडल्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीतून एक फेरी मारावी. ज्या छपरावरचं हिम सर्वांत आधी नाहीसं झालं, त्या घराचा गॅस आकाशात जातो आहे. वळचणीला लांबच लांब बर्फाच्या पागोळ्या लटकलेल्या घराचं चित्र नाताळच्या शुभेच्छापत्रांवर शोभतं, पण घर पारखणारा माणूस ते पाहून मान हलवतो.

अमेरिकेच्या बांधकाम नियमांनी हे सगळं गृहीत धरलं आहे. जिथे बर्फाचे बांध होण्याचा इतिहास आहे, तिथे नवं छप्पर घालताना कडेपासून वर, बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान 24 इंचांपर्यंत, शिंगल्सखाली चिकट जलरोधक पडदा घालावा लागतो. पाणी वर चढलंच तर निदान लाकडापर्यंत पोचू नये म्हणून. आणि एवढं करूनही बांध झालाच, तर कुऱ्हाड घेऊन छपरावर चढायचं नाही. बर्फासोबत शिंगल्स फुटतात, कधी कधी हाडंही. घरगुती तोड अशी की जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा न ठेवता उभा ठेवायचा, आढ्याकडून पन्हळीकडे. त्याच्या खालचा बर्फ विरघळून एक चर पडतो आणि तुंबलेल्या पाण्याला वाट मिळते.

मिनियापोलिसच्या एका छपराचं तर्कशास्त्र मात्र बरोबर याच्या उलट होतं. तिथल्या मेट्रोडोम स्टेडियमचं छत टेफ्लॉनचा थर दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचं होतं आणि ते आतल्या हवेच्या दाबावर तरंगायचं. त्यावर हिमाचा भार साचू नये म्हणून खालून गरम हवा सोडून ते मुद्दाम वितळवत असत. 12 डिसेंबर 2010च्या पहाटे सुमारे 43 सेंटिमीटर हिमाचं ओझं आणि जोरदार वारा यांपुढे हा इलाज अपुरा पडला. कापड फाटलं आणि मैदानावर हिमाचा धबधबा कोसळला. आतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली ती दृश्यं जगभर पाहिली गेली.

घराच्या छपरावर इतकी वेळ क्वचित येते, पण भाराचा हिशोब लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक फूटभर ताजं, कोरडं हिम चौरस मीटरला वीस-तीस किलोंचं असतं. तेवढ्याच जाडीचं हिम दबलेलं आणि ओलं असलं किंवा त्यात पाऊस मुरलेला असला की शंभराच्या पुढे जातं. हा भार उतरवायला लांब दांड्याचं फावडं मिळतं. जमिनीवर उभं राहून त्याने छपराच्या कडेचं हिम खाली ओढायचं. कडेचे तीन-चार फूट मोकळे झाले तरी बांधाला साहित्य मिळत नाही.

छपराचा आकार हेही हिवाळ्याच्या तयारीचंच अंग आहे, फक्त ते पिढ्यान्पिढ्यांपूर्वी करून ठेवलेलं असतं. जपानमधल्या शिराकावा-गो गावातली गवती छपरं जवळजवळ 60 अंशांनी उतरती आहेत, कारण तिथलं हिम ओलं, जड आणि पुरुषभर उंच पडतं. लडाखची घरं त्याच्या अगदी उलट, सपाट मातीच्या धाब्याची: पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, त्यांवर गवत आणि वर तुडवलेली माती. लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाणी पडतं, म्हणून हे चालून जातं. हिम पडलं की ते मुरायच्या आत धाब्यावरून लोटून द्यायचं, एवढं पथ्य. शरद ऋतूत त्याच धाब्याच्या कडेने जनावरांसाठी गवत आणि चुलीसाठी काटक्या रचतात. हिवाळ्याची बेगमीही होते आणि भिंतीच्या माथ्याला आडोसाही. मिनेसोटातला घरमालक छपरावर काही ठेवत नाही, लडाखी माणूस अर्धं कोठार तिथे ठेवतो, आणि आपापल्या पाण्याच्या हिशोबाने दोघंही बरोबर असतात.

छपरावरून सुटलेलं पाणी पन्हळीत येतं. इथलं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच राहून जातं. पानगळ पूर्ण झाल्याशिवाय पन्हळ साफ करण्यात अर्थ नसतो, आणि ओकची झाडं पानं सोडायला भलतीच दिरंगाई करतात. त्यामुळे जाणते लोक दोनदा साफ करतात, एकदा ऑक्टोबरात, एकदा पहिल्या मोठ्या हिमाच्या आधी. पानांनी तुंबलेल्या पन्हळीत पाणी गोठलं की तिचं वजन इतकं होतं की खिळ्यांसकट ती भिंत सोडते. पन्हळीपेक्षा महत्त्वाचा असतो तिचा उभा पाइप. तो जोत्याशीच पाणी ओतत असेल, तर वर केलेली सगळी मेहनत फुकट. त्याला पुढे आडवा तुकडा जोडून पाणी चार-सहा फूट दूर सोडायचं. घराभोवतीच्या जमिनीलाही पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच उतार असावा, असा नियमच आहे. वर्षानुवर्षं भरावाची माती दबत जाते आणि उतार नकळत घराकडे वळतो. पावसात घराभोवती एक चक्कर मारली की डबकं कुठे साचतं ते दिसतं. टोपलीभर मातीचं काम असतं, पण ते जमीन गोठायच्या आत.

भिंतींचं प्रकरण जरा नाजूक आहे. तिथे सगळ्या फटी बुजवून चालत नाही. खिडकीच्या चौकटीभोवती, नळ किंवा वायर आत जाते तिथे, लाकूड आणि विटेच्या सांध्यात सीलंट भरायचा. तोही उबदार, कोरड्या दिवशी, कारण थंडगार ओल्या पृष्ठभागावर तो धरत नाही. रंगाचंही तसंच. पण विटांच्या दर्शनी भिंतीच्या तळाशी ठरावीक अंतराने उभे सांधे मुद्दाम मोकळे सोडलेले असतात. नव्या घरमालकाला ते गवंड्याचा आळस वाटतात आणि तो इमानेइतबारे ते बुजवून टाकतो. विटेमागे झिरपलेलं पाणी बाहेर पडायची ती एकमेव वाट असते. ती बंद झाली की पाणी आत कोंडतं आणि दोन-तीन हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटू लागतात. वळचणीखालचे झरोकेही असेच हौशीने बंद केले जातात.

जुन्या विटांच्या घरात आणखी एक चूक होते. शंभर वर्षांपूर्वीच्या मऊ विटा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे ओल त्याच्यावाटे बाहेर पडते, आणि झिजायचं झालं तर चुना झिजतो. विटांमधल्या दर्जा झिजल्या म्हणून कुणी त्यांत कडक सिमेंट भरतं. आता ओल विटेतून बाहेर पडू पाहते, तिथेच गोठते आणि विटेचा दर्शनी भाग उडतो. कडक सिमेंटच्या दर्जा जशाच्या तशा, आणि मधल्या विटा खोलगट झालेल्या, अशा भिंती जुन्या शहरांत ठिकठिकाणी दिसतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीतही हीच गफलत होते, फक्त तिथे बर्फाऐवजी क्षार आपलं काम करतात.

दुहेरी काचांच्या खिडक्या येण्याआधी शरदातलं सर्वांत जिकिरीचं काम खिडक्यांचं होतं. प्रत्येक खिडकीवर बाहेरून आणखी एक काचेची चौकट बसवायची आणि वसंतात उतरवून तिच्या जागी जाळी लावायची. जुन्या घराच्या दोन खिडक्या कधी नेमक्या सारख्या नसतात. म्हणून खिडकी आणि चौकट या दोहोंवर जुळणारे आकडे असलेल्या छोट्या पितळी टाचण्या ठोकत. जुन्या लाकडी चौकटींवर त्या अजूनही सापडतात. काश्मीरमध्ये आजही पुष्कळ घरांत हेच काम पॉलिथिनच्या कागदावर भागवतात. 21 डिसेंबरला ‘चिल्लई कलान’चे चाळीस कडाक्याचे दिवस सुरू होतात, त्याआधी खिडक्यांवर पॉलिथिन ठोकलं जातं आणि उघड्या नळांना गोणपाट गुंडाळलं जातं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचे जुने लोक तर घराच्या जोत्याभोवतीच समुद्रशेवाळ किंवा फरच्या फांद्या रचून ठेवत, म्हणजे वारा जमिनीलगतच्या फटींतून आत घुसत नसे. वसंतात तो ढीग शेतात खत म्हणून जाई.

फटींतून वाराच काय, उंदीरही येतात. घरातल्या छोट्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते. तिथे सीलंट तो कुरतडतो, म्हणून आधी पोलादी लोकर कोंबायची. याच फेरीत बाहेरच्या भिंतीतून डोकावणारे प्लास्टिकचे पाइप नीट ओळखून ठेवावेत. नव्या प्रकारच्या फर्नेसचा धूर धुराड्यातून वर न जाता या पाइपांतून जमिनीपासून हात-दोन हातांवर बाहेर पडतो. वादळात हिमाचा ढीग त्याच्या तोंडाशी साचला तर फर्नेस बंद पडतो. आणि त्याहून वाईट म्हणजे वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड घरात राहू शकतो. मोठं हिम पडल्यावर गाडीच्या वाटेआधी हे तोंड मोकळं करायचं असतं. पाइपासमोर झुडूप लावलं असेल तर ते शरदातच हलवलेलं बरं.

आता नळ. आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाला याची सवय नसते. आपल्या इमारतींचे नळ उघड्या भिंतीवरून गच्चीपर्यंत बिनधास्त चढतात. तिथे एकही नळ बाहेरच्या भिंतीवर नसतो, अपवाद फक्त अंगणातल्या तोटीचा. नळ फुटतो तो आतला बर्फ पसरून भिंतीवर दाब देतो म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. बर्फाचा बोळा नळात वाढत जातो तसं तो पुढचं पाणी बंद तोटीकडे ढकलत नेतो. पाणी दाबलं जात नाही, त्याला जायला जागा नाही, म्हणून दाब भयंकर चढतो आणि नळ बोळ्याच्या जागी नव्हे, तर बोळा आणि तोटी यांच्यामध्ये कुठेतरी, न गोठलेल्या जागी फाटतो. कडक थंडीत घरातली तोटी थेंब थेंब गळती ठेवतात ती एवढ्याचसाठी. धार बारीक असली तरी दाब सुटतो. इलिनॉय विद्यापीठात यावर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. अमेरिकेच्या उबदार राज्यांतल्या उघड्या पडलेल्या नळांसाठी बाहेरचं तापमान उणे सातच्या खाली गेलं की सावध व्हावं, असा त्यांचा निष्कर्ष.

अंगणातल्या तोटीवर तिथे एक सुरेख युक्ती आहे. चावी बाहेर फिरवायची, पण पाणी खरोखर बंद होतं ते भिंतीच्या आत फूटभर लांब, घराच्या उबेत. मधली नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असते, त्यामुळे चावी बंद केली की तिच्यातलं पाणी ओघळून जातं आणि गोठायला काही उरत नाही. एकच अट: तोटीला लावलेला बागेचा पाइप काढून ठेवायचा. तो तसाच राहिला तर पाणी नळीतच अडकतं आणि न गोठणारी म्हणून घेतलेली तोटी भिंतीच्या आत फुटते. कळतं कधी? तर मे महिन्यात, झाडांना पाणी घालायला चावी सोडली की तळघराच्या भिंतीतून धार लागते तेव्हा. हिरवळीखालच्या कारंज्यांच्या नळ्यांचं काम मात्र घरी करण्यासारखं नाही. तिथे ऑक्टोबरात गाडीवर कॉम्प्रेसर घेऊन माणसं येतात आणि हवेच्या झोताने नळ्यांतलं पाणी फुंकून काढतात. त्या दिवसांत गल्लोगल्ली तो फुसफुसाट ऐकू येतो.

जमिनीच्या पोटात काय चालतं ते दिसत नाही, पण या सगळ्या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग तोच. मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे घराचा पाया उत्तरेत 5 फूट आणि दक्षिणेत साडेतीन फूट खोल असावा लागतो, म्हणजे हिवाळ्यात जमीन जितकी खोल गोठू शकते त्याच्या खाली. त्याहून उथळ रोवलेला कुंपणाचा खांब किंवा लाकडी ओट्याचा पाया दरवर्षी थोडा थोडा वर उचलला जातो. पाणी गोठताना फुगतं म्हणून, असं वाटणं साहजिक आहे. पण ओलसर मातीतलं पाणी 9 टक्क्यांनी फुगलं तरी जमीन जेवढी उचलली जाते तेवढा हिशोब जमत नाही. दक्षिण कॅरोलायनातले भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी 1930च्या सुमारास याचा छडा लावला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन घातलं. बेंझिन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे उचलणारं बळ गोठलेल्या थेंबाच्या फुगण्यात नव्हतं. गोठणारा थर खालच्या मातीतून सूक्ष्म छिद्रांवाटे आणखी आणखी द्रव वर ओढत राहतो आणि त्याच्या चकत्या वाढत जातात. या बर्फाच्या चकत्या वरचं सगळं उचलून धरतात. त्यासाठी खालून पाण्याचा पुरवठा मात्र हवा. पन्हळीचा पाइप जोत्यापासून लांब नेण्याचं खरं कारण इथे, जमिनीखाली आहे.

दारासमोरच्या पायवाटेचा विषय उरतो. मिनियापोलिसमध्ये हिम थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरची पायवाट मोकळी करणं घरमालकावर बंधनकारक आहे. मग मीठ टाकलं जातं, बहुतेकदा गरजेपेक्षा फार जास्त. साधं मीठ उणे नऊ अंशांच्या खाली जवळजवळ कामच करत नाही. तिथे मुठी मुठी मीठ फेकणं म्हणजे वाळू फेकण्यासारखंच, वाळू निदान पाय घसरू देत नाही. आणि मीठ वितळत्या पाण्यासोबत तळ्यांत जातं ते परत निघत नाही. मिनेसोटाची प्रदूषण नियंत्रण संस्था सांगते, एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर पाणी कायमचं बिघडवायला पुरतं. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून मिरवणाऱ्या मुलखाने हे मनावर घेतलं आहे, थोडंफार.

मिठाने काँक्रीटचेही पापुद्रे निघतात. त्यावरचा उपाय योगायोगाने सापडला. 1930च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात काही रस्ते इतरांपेक्षा हिवाळ्यात कितीतरी चांगले टिकत असल्याचं लक्षात आलं. त्यांचं सिमेंट दळताना गिरणीत गुरांची चरबी वापरलेली होती आणि त्या चरबीमुळे काँक्रीटमध्ये असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकले होते. गोठणाऱ्या पाण्याला पसरायला ते बुडबुडे जागा देतात. आज थंड प्रदेशातल्या बाहेरच्या काँक्रीटमध्ये पाच-सहा टक्के हवा मुद्दाम मिसळतात. म्हणून नवी पायवाट किंवा जिना घालून घेताना ठेकेदाराला हवेचं प्रमाण आधी विचारून घ्यावं. आणि ऑक्टोबरात घातलेल्या काँक्रीटवर त्याच हिवाळ्यात मीठ टाकू नये, ते अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. गाडीच्या वाटेच्या दोन्ही कडांना चमकदार नारिंगी काठ्या रोवायच्या, म्हणजे हिमाखाली सगळं एकसारखं पांढरं झाल्यावर हिम लोटणाऱ्या गाडीचं पातं हिरवळीत किंवा गुलाबाच्या वाफ्यात घुसत नाही. ऑक्टोबरात त्या हाताने जमिनीत जातात. नोव्हेंबर सरताना एखादा गृहस्थ विजेचं ड्रिल घेऊन अंगणाला भोकं पाडताना दिसला, तर त्याच्या पन्हळीकडेही एकदा नजर टाकावी. ती बहुधा भरलेलीच असते.